नव्वदाची खूण

भवानीपूरच्या पश्चिमेला, आदिगंगेकडे उतरणाऱ्या एका गल्लीत तळमजल्यावर घैसासांचं काम चाले आणि वर ते राहत. भरतीच्या वेळी गवताने लादलेल्या होड्या खिडकीसमोरून इतक्या सावकाश जात की होडी चाललीय की घर, हे लहानपणी घैसासांच्या मुलीला, कालिंदीला, नक्की कळत नसे. खाली शहराच्या गॅसची निळी ज्योत फुत्कारत असे. तिच्यापुढे श्यामराव घैसास तोंडात काचेची नळी धरून बसत आणि नळीच्या टोकाशी हळूहळू एक फुगा येई. तो पुरता झाला की ते नळी खाली ठेवत आणि मगच श्वास घेत.

ते वाइन तपासण्याची उपकरणं बनवत. कलकत्त्यात द्राक्षाचा वेल रुजत नाही आणि घैसासांच्या घरात वाइन कोणी चाखलेली नव्हती, पुढेही चाखली नाही. तरी बंदरावरची सरकारी प्रयोगशाळा, दोन-तीन जुने क्लब, चर्चसाठी वाइन मागवणारे पाद्री आणि दूर दख्खनेतले एकदोन कारखाने यांच्याकडे घैसासांची उपकरणं असत. त्यातलं मुख्य उपकरण तांब्याचं होतं. खाली स्पिरिटचा दिवा, वर वाफ थंड करणारी नळी आणि मधे तिरका खोचलेला लांब थर्मामीटर. त्याला इंग्रजीत भलंमोठं नाव होतं. घरात सगळे त्याला किटली म्हणत.

किटलीचं तत्त्व साधं होतं. पाण्यापेक्षा वाइन लवकर उकळते, आणि तिच्यात मद्यार्क जितका जास्त तितकी ती आणखी लवकर उकळते. आधी पाणी उकळायचं, पारा कुठे थांबतो ते बघायचं. मग वाइन उकळायची. दोन आकड्यांतल्या अंतरावरून वाइन किती कडक ते कळतं. पाणी मात्र रोज नव्याने उकळावं लागे, कारण हवेचा दाब रोज वेगळा. पावसाळ्यात पाणी शंभराच्या जरा आधीच उकळे, हिवाळ्यात शंभराच्या किंचित पुढे जाई. रोज सकाळी तो आकडा भिंतीवरच्या पाटीवर लिहिला जाई. शाळेतून आलेल्या कालिंदीला वाटे की सगळ्याच घरांत पाण्याचा आकडा लिहितात.

या कामाची सुरुवात छत्तीस साली झाली. श्यामरावांचे वडील रेल्वेत कारकून, गार्डन रीचच्या क्वार्टरमध्ये राहणारे. मुलगाही रेल्वेत चिकटेल अशी त्यांची समजूत होती. पण श्यामराव एका बंगाली कारागिराकडे प्रयोगशाळेची काच फुगवायला शिकले. त्या कारागिराकडे एकदा चंद्रनगरचा एक म्हातारा फ्रेंच औषधविक्रेता आला. त्याच्या घरच्या किटलीचा थर्मामीटर फुटला होता आणि फ्रान्सहून दुसरा यायला चार महिने लागणार होते. कारागिराने हात जोडले. चोवीस वर्षांच्या श्यामरावांनी मात्र तुकडे रुमालात बांधून घरी नेले. त्यांनी केलेले तीन थर्मामीटर फुटले किंवा फसले. चौथा घेऊन ते चंद्रनगरला गेले आणि तो लागू पडला. म्हाताऱ्याने त्यांच्यासमोर पाणी उकळलं, वाइन उकळली, खुर्चीत टेकून बसला आणि आपल्या गावाकडच्या टेकड्यांबद्दल बोलू लागला. उतारावर वेलींच्या रांगा, शरदातलं सकाळचं धुकं, आणि त्या धुक्यात न दिसता नुसती बोलताना ऐकू येणारी माणसं. श्यामरावांना फ्रेंच येत नव्हतं आणि त्याचं इंग्रजी तुटकं होतं. पण परतीच्या गाडीत डोळे मिटल्यावर त्या टेकड्या त्यांना दिसल्या, आणि पुढे जन्मभर दिसत राहिल्या.

लढाई सुरू झाल्यावर बाहेरून माल येणं थांबलं आणि श्यामरावांकडे माणसं विचारत येऊ लागली. त्याच सुमाराला सांगलीहून सरला लग्न होऊन आली. एक दिवस तिने पाहिलं, की काच फुगवताना दगडासारखा स्थिर असलेला नवऱ्याचा हात थर्मामीटरवर रेघा ओढताना कापतो. त्या रेघा ओढायची रीत अशी. काचेवर मेणाचा पातळ थर द्यायचा, सुईने त्यात केसाएवढ्या रेघा कोरायच्या आणि नळी काच खाणाऱ्या ॲसिडमध्ये बुडवायची. जिथे मेण नाही तिथे काच खाल्ली जाते आणि रेघ कायमची उमटते. सरलाने त्यांच्या हातातून सुई घेतली, ती पुन्हा दिली नाही. काच त्यांची आणि रेघा तिच्या, असं घैसास अँड कंपनीचं काम तेव्हापासून चाललं. कंपनी म्हणजे सरलाच.

उपकरण तयार झालं की ते पारखण्यासाठी श्यामराव इकडून तिकडून आलेल्या नमुन्याच्या बाटल्यांतली थोडी वाइन उकळत. प्रत्येक वाइनची नोंद एका जाड वहीत होई. तारीख, हवेचा दाब, पाण्याचा आकडा, वाइनचा आकडा. शेवटच्या रकान्यात ते मराठीत एखादी ओळ लिहीत. ‘दक्षिणेकडचा उतार. दुपारी कोणी नाही.’ ‘नदीजवळची. पहाटे दव.’ ‘थंडीत पिकलेली. रांगांमधून एक बाई एकटी चालली आहे.’ यातलं काही बाटलीवर लिहिलेलं नसे. त्यांना ते वाफ चढताना दिसे. गिऱ्हाइकाला पाठवायच्या कागदावर सरला ते चार आकडेच उतरवी आणि शेवटचा रकाना वहीतच राहू देई.

एकोणसत्तर साली श्यामराव सत्तावन्न वर्षांचे होते. कालिंदी तेवीस वर्षांची, रसायनाची पदवी घेऊन घरच्याच कामात पडलेली. मराठी बोलताना मधेच तिला शब्द सापडत नसे आणि ती बंगाली शब्द वापरून पुढे जाई. त्या वर्षी नाशिककडच्या एका लहान कारखान्यातून पत्र आलं. तिथले रसायनतज्ज्ञ गुरुदत्त कोठावळे यांना सहा किटल्या हव्या होत्या. आमच्या बाजूला आता वाइनसाठी द्राक्षं लावायला लागले आहेत, असं त्यांनी लिहिलं होतं. श्यामरावांनी ते पत्र दोन-तीनदा वाचून घेतलं. स्वतः वाचलं नाही, कालिंदीकडून वाचून घेतलं. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्या मराठी मुलखात वेलींच्या रांगा उभ्या राहताहेत, ही गोष्ट पुनःपुन्हा ऐकावीशी वाटणं साहजिक होतं.

काम सुरू झालं आणि बराकपूरहून निरोप आला की प्रेमलताला टायफॉइड झालाय. प्रेमलता म्हणजे सरलाची धाकटी बहीण. तिचा नवरा छावणीतल्या लष्करी कचेरीत होता. घरात दोन लहान मुलं आणि बघायला कोणी नाही. सरला दोन लुगडी पिशवीत घालून सियालदहला गेली आणि तिथून बराकपूरला. जाताना ती दारात बराच वेळ घुटमळली. मी आल्यावरच रेघांचं बघू, तोवर नुसत्या नळ्या करून ठेवा, असं तिने श्यामरावांना सांगितलं. ते म्हणाले की कालिंदी आहे की. सरलाने मुलीकडे पाहिलं, काही बोलावंसं तिला वाटलं असावं, पण रिक्षावाला घंटी वाजवत होता.

ती चाळीस दिवस राहिली. तेवढ्यात सहाही थर्मामीटर कालिंदीने पुरे केले. थर्मामीटरवर आधी दोन खुणा लागतात. वरची खूण उकळत्या पाण्याच्या वाफेत धरून करायची, ती सोपी. खालची खूण नव्वद अंशांची. त्यासाठी नवा थर्मामीटर आणि जुना खात्रीचा थर्मामीटर शेजारी शेजारी तेलाच्या काचपात्रात ठेवायचे. तेल तापवत न्यायचं, जुना नव्वद दाखवेल त्या क्षणी नव्यातला पारा कुठे आहे ते बघून तिथे शाईचा ठिपका द्यायचा. जुन्याचा आकडा शेजारचं माणूस वाचून सांगे, ठिपका देणं हे काम श्यामरावांचं. मग त्या दोन खुणांमधलं अंतर शंभर सारख्या भागांत वाटायचं, ते काम सरलाचं, आणि त्या चाळीस दिवसांत कालिंदीचं. दुपारी गल्ली निजलेली असे. खालून पाणी चढत येई, काठाला लागे, परत जाई. मेणावर सुई टेकवताना कालिंदीला वाटे की आपण रेघा ओढत नसून त्या मेणाखाली आधीपासून आहेत आणि आपण त्या हलक्या हाताने उघड्या करतो आहोत. तिला आयुष्यात इतकं शांत कधी वाटलं नव्हतं. सहा किटल्या पेंढ्यात बांधून गेल्या, त्यानंतर चार दिवसांनी आई परत आली. माल गेला हे ऐकून ती खुर्चीत बसली आणि पाणी मागून प्यायली.

दीड महिन्याने कोठावळ्यांचं दुसरं पत्र आलं. भाषा नम्र होती. सहाही उपकरणं पाण्याला बरोबर आहेत, त्यांनी लिहिलं होतं, पण वाइनला चुकतात. दुसऱ्या पद्धतीने तपासून पाहिलं तर मद्यार्क जवळजवळ अर्ध्या टक्क्याने वेगळा येतो. इतकी वर्षं आपलं नाव ऐकून आहोत म्हणून आधी आमचंच काही चुकलं असेल असं समजून तीनतीनदा करून पाहिलं.

तेहतीस वर्षांत असं पत्र आलं नव्हतं. कालिंदीने ते शेवटपर्यंत वाचून दाखवलं. श्यामराव रागावले नाहीत. ते तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, तुझा हात अजून बसायचा आहे, तुझ्या आईलाही वर्ष लागलं होतं. मग त्यांनी उत्तर सांगितलं आणि कालिंदीनेच ते लिहून घेतलं. यावेळचं काम नव्या हाताने झालं, उपकरणं परत पाठवावीत, दुरुस्त करून देऊ. पत्राखाली सही करताना त्यांचं पेन कागदाच्या कडेवरून जरा बाहेर गेलं.

आठ दिवस कालिंदी सुईला शिवली नाही. उपकरणं परत आली तेव्हा तिने दार लावून घेतलं आणि भिंग घेऊन आपली एकेक रेघ मोजली. रेघा सारख्या होत्या. कुठे केसाचा फरक नव्हता. तिने पुन्हा मोजल्या. मग तेलाचं पात्र तापवलं, जुना थर्मामीटर आणि स्वतः केलेला शेजारी धरले. जुना नव्वदावर आला तेव्हा नव्यातला पारा नव्वदाच्या रेघेच्या स्पष्ट खाली होता. सहाही थर्मामीटरांत तेच, आणि जवळजवळ तेवढंच. वाटणी बरोबर होती, ज्या खुणेपासून वाटणी केली ती खूणच वर पडली होती.

ती वर गेली. सरला खिडकीशी बसून मटार सोलत होती. कालिंदीने काय पाहिलं ते सांगितलं. सरलाने सोलायचं थांबवलं नाही.

“दोन वर्षं झाली,” ती म्हणाली. “त्यांना तेलातून पारा नीट दिसत नाही. जिथे आहे त्याच्या वर दिसतो.”

मग तिने सगळं सांगितलं. सदुसष्टच्या पावसाळ्यात एका थर्मामीटरवर रेघा ओढताना तिला खूण विचित्र वाटली, म्हणून तिने ताडून पाहिली. पुढचीही तशीच निघाली. तेव्हापासून श्यामराव जेवून आडवे झाले की ती खाली जाई, तेल तापवी, त्यांचा ठिपका ओल्या कापसाने पुसून योग्य जागी नवा देई आणि मग मेण लावी. दोन वर्षांत असे किती ठिपके पुसले ते तिलाही आठवत नव्हतं. उन्हात त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या दुधाळ दिसतात हेही तिने पाहिलं होतं. ज्योतीपुढे तीस-पस्तीस वर्षं बसणाऱ्याचे डोळे असेच होतात. पण तिच्या वडिलांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगलीला झालं होतं आणि त्यात त्यांचा तो डोळा गेला होता. उरलेल्या डोळ्याने ते अंगणातल्या तुळशीकडे बघत बसायचे, ते तिच्या मनातून जात नव्हतं. हे असं दुपारच्या दुपारी निभावून नेता येईल असं तिला वाटलं. प्रेमलताला टायफॉइड होईपर्यंत निभलंही होतं.

 वडिलांनी आपल्यावर दोष घातला याचं कालिंदीला दुःख होतं, आणि तो चुकीचा होता हे कळून सुटल्यासारखं न वाटता ते वाढलं. तिने विचारलं की मग आता काय करायचं. सरला म्हणाली, तुला जमेल का थोडे दिवस गप्प राहायला. कालिंदी हो म्हणाली. तिला वाटलं होतं थोडे दिवस म्हणजे चार-पाच.

दीड महिना गेला. श्यामराव रोज खाली बसत, नळ्या फुगवत. ते काम बोटांना आणि ओठांना पाठ होतं, त्याला डोळ्यांची फार गरज नव्हती. कोणी ओळखीचं आलं तर ते सांगत, कालिंदी शिकतेय, एकदा चुकली, पण शिकेल. तिच्यासमोर सांगत, प्रेमाने सांगत. हाजरा रोडच्या महाराष्ट्र मंडळात हळदीकुंकवाला कुणी बाई तिला म्हणाली की अगं, चुका होतातच सुरुवातीला. कालिंदीने हसून मान हलवली. घरी परतल्यावर ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहिली. संध्याकाळ होती, गल्लीतले गॅसचे दिवे लागत होते, आणि सरला वरून बघत होती.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर श्यामराव आडवे व्हायला निघाले तेव्हा सरलाने त्यांना खाली यायला सांगितलं. कालिंदीलाही बोलावलं. तेलाचं पात्र तापत होतं. सरलाने नवी नळी जुन्या थर्मामीटरशेजारी बांधली आणि म्हणाली, “अहो, नव्वदाची खूण करा.”

ते बसले, डोळे बारीक केले आणि सरलाने जुन्याचा आकडा वाचून नव्वद म्हणताच ठिपका दिला. सरलाने त्यांचा हात धरला, बोट काचेच्या त्या जागी ठेवलं आणि म्हणाली, “तुमचा ठिपका इथे आहे.” मग बोट गव्हाच्या दाण्याएवढं खाली सरकवलं. “आणि पारा इथे आहे. पोरीचा हात बसलेला आहे. तुमच्या खुणा मी दोन वर्षं बदलत आले. या सहा मी बदलल्या नाहीत, कारण मी इथे नव्हते.”

 श्यामरावांनी बोट काचेवरून काढलं नाही. मग ते उठले, चपला घातल्या आणि बाहेर गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा त्यांच्या धोतराच्या काठाला नदीचा चिखल होता. बाबूघाटावरून नावेने पलीकडे जाऊन परत आलो, इतकंच त्यांनी सांगितलं. पुढे कितीतरी वर्षांनी त्यांनी कालिंदीला सांगितलं, की त्या दिवशी नावेत बसून ते दूरच्या वस्तूंकडे बघत होते. हावड्याचा पूल त्यांना दिसत होता, पण धुक्यातून दिसावा तसा. हवा मात्र कोरडी आणि ऊन लख्ख होतं, शेजारचा माणूस डोळ्यांवर हात धरून बसला होता. आणि त्यांना उमजलं, की गेली दोन-तीन वर्षं वाफेत जे टेकड्यांवरचं धुकं इतकं खरं दिसत होतं, ते कुठून येत होतं.

दोन दिवस सरला वाढे, ते जेवत. तिसऱ्या सकाळी ते पाण्याचा आकडा घेऊन झाल्यावर म्हणाले की दोघी इथे बसा. त्यांनी दहा नळ्या घेतल्या. प्रत्येकीवर स्वतः नव्वदाची खूण केली आणि प्रत्येक वेळी सरलाला खरी जागा वाचायला सांगितली. दोघांमधला फरक कालिंदीने मोजून लिहायचा. दुसरं एखादं उपकरण तपासावं तसं त्यांनी स्वतःला तपासलं. दहाही वेळा फरक एकाच बाजूला होता आणि जवळपास सारखाच. कागद डोळ्यांजवळ धरून त्यांनी ते आकडे कसेबसे पाहिले.

“यंत्र बिघडलंय, पण लहरी नाही,” ते म्हणाले. मग सरलाकडे न बघता म्हणाले, “दोन वर्षं तू दुपारची झोपली नाहीस.”

 सरलाने पदराने तेलाचे थेंब पुसले.

त्याच दिवशी कोठावळ्यांना पत्र गेलं. यावेळी ते श्यामरावांनी स्वतः लिहिलं. अक्षर मोठं होतं, ओळी तिरक्या, कुठे शब्दावर शब्द चढलेले. मागच्या पत्रात दोष माझ्या मुलीवर गेला, तो चुकीचा होता. तिच्या रेघा निर्दोष आहेत. खूण मी केली होती आणि माझी दृष्टी गेली आहे, हे मला ठाऊक नव्हतं. उपकरणं आता माझ्या पत्नीने पाहिली आहेत, ती बरोबर असतील. एवढंच. कालिंदीने म्हटलं की मी नीट उतरवून देते. ते म्हणाले की नको, असंच जाऊ दे. त्या दीड महिन्यात दोघींनी नव्या नळ्यांवर वाटणी करून सहाही किटल्या दुरुस्त केल्या होत्या, त्या या पत्राबरोबर गेल्या.

ऑपरेशन सत्तरच्या जानेवारीत झालं. सरला आधी तयार नव्हती. मग कालिंदी तिला घेऊन डॉक्टर मीनाक्षी सान्याल यांना भेटायला गेली. त्या ठेंगण्या, भरभर बोलणाऱ्या बाईंनी सरलाला वडिलांचं सगळं विचारलं, पूर्ण ऐकलं, आणि बंगालीत म्हणाल्या की तेव्हाचं आणि आताचं सारखं नाही, पण आश्वासन मी कोणाला देत नाही. खोटा धीर न देणाऱ्या त्या बाईवर सरलाचा विश्वास बसला.

त्या काळी ऑपरेशननंतर डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून माणसाला दहा दिवस उताणं ठेवत. दोन्ही डोळे बांधलेले. मान हलवायची नाही, खोकायचं नाही. श्यामराव इतके निश्चल पडून असत की नर्स मधूनमधून त्यांच्या नाकाशी हात धरून बघे. चौथ्या दिवशी त्यांनी वही मागितली. रोज दुपारी कालिंदी खाटेशी बसून जुन्या नोंदी वाचू लागली. तारीख, दाब, पाणी, वाइन, आणि मग ती शेवटची ओळ. एका ओळीनंतर ते तिला थांबायला सांगत आणि पट्टीखालून त्या जागेचं वर्णन करत. उताराला कोणत्या रंगाची माती आहे, कोपऱ्यात पत्र्याची झोपडी आहे, एक कुत्रं सावलीत झोपलंय. शेजारच्या खाटांवरचे बंगाली रुग्ण त्यातलं अक्षरही न कळता ऐकत असत. एकाने विचारलं की हे कुठल्या गावाबद्दल बोलतात. कालिंदी म्हणाली की अशा पुष्कळ गावांबद्दल, आणि त्यातलं एकही त्यांनी पाहिलेलं नाही.

तिला तेव्हा कळलं की आपणही तशाच आहोत. सांगली तिने दोनदा पाहिली होती, नाशिक कधीच नाही. ज्या मराठी मुलखाची भाषा ती घरात बोलत होती, तो तिलाही वडिलांच्या टेकड्यांसारखाच वाफेत दिसे. वाचता वाचता ती त्या ओळींमध्ये आपल्या चार ओळी घालू लागली. श्यामरावांना ते कळत असे की नाही, हे तिने कधी विचारलं नाही.

पट्टी निघाली. डोळा वाचला होता. पुढे दुसऱ्याचंही झालं. जाड भिंगांचा चष्मा आला आणि त्यातून जग खूप मोठं आणि खूप जवळ दिसू लागलं. सरलाच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पाहून ते चकित झाले आणि तसं बोलूनही गेले. ती म्हणाली की त्या होत्याच, तुम्ही नव्हता. पण पेला उचलायला गेले तर हात पेल्याच्या अलीकडेच थांबे. ज्योतीपुढे धरलेली नळी आधी अलीकडे राही, मग सावरताना हवी त्याच्या पुढे जाई. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तीन बोटं भाजून घेतली. काच फुगवणं संपलं हे त्यांनी स्वतःच सांगितलं.

मग कालिंदी ज्योतीपुढे बसली. दोन वर्षं ती शिकत होती. ते मागे स्टुलावर बसत आणि सांगत, आता फिरव, आता थांब, आता फुंक, अजून नाही, आता. शहरात त्या वर्षांत काय काय चाललं होतं. कधी बंद, कधी गोळीबार, कधी सीमेपलीकडून आलेली माणसं फुटपाथवर. एकाहत्तरच्या डिसेंबरात खिडक्यांना काळे कागद लागले. गॅसचा दाब कधी इतका उतरे की ज्योत पिवळी पडून वाकायची आणि दोघं हात मांडीवर ठेवून ती परत उभी राहण्याची वाट बघत बसायचे. तिचे फुगे वेडेवाकडे येत, मग एका बाजूला जाड येत, मग बरे येऊ लागले. बाईमाणसाने तोंडाने काच फुगवायची म्हणजे काय, असं मंडळात कोणी म्हणाल्याचं सरलाच्या कानावर आलं. तिने त्या बाईंना घरी चहाला बोलावलं, खाली नेलं आणि नळी हातात देऊन म्हणाली की फुंकून बघा. बाईंनी फुंकली, हसल्या, आणि पुढे त्याबद्दल कोणी बोललं नाही.

कोठावळ्यांकडून उत्तर येईल असं कोणी धरलं नव्हतं. ते बऱ्याच उशिराने, एकाहत्तरच्या मार्चमध्ये आलं. उपकरणं दोन्ही हंगाम बरोबर चालली, आणखी चार हवीत. खाली त्यांनी लिहिलं होतं की श्यामरावांचं पत्र आपण प्रयोगशाळेत भिंतीला लावून ठेवलं आहे, नव्या माणसांना वाचायला. श्यामराव ते ऐकून ओशाळले. अक्षर फार वाईट होतं ते, असं म्हणाले.

त्या चार किटल्यांचे फुगे कालिंदीने केले, नव्वदाच्या खुणा सरलाने केल्या आणि रेघा दोघींनी निम्म्या निम्म्या. कामाला पावणेदोन वर्षं लागली. शेवटची किटली बहात्तरच्या डिसेंबरात एका सकाळी पारखायला घेतली. पाणी शंभराच्या एक दशांश पुढे उकळलं. आता वाइन. कालिंदीने ती ओतली, दिवा पेटवला आणि वाट बघू लागली. खिडकीतून ऊन थेट टेबलावर पडत होतं. स्पिरिटची ज्योत उन्हात मुळातच दिसत नाही, आणि पारा हलत नव्हता. दिवा विझलाय असं वाटून ती काडी पेटवायला गेली.

“नको,” श्यामराव स्टुलावरून म्हणाले. “चालू आहे. कडेने चांगला दिसतोय.”

तिला काहीच दिसत नव्हतं. तिने वाकून, हाताची सावली धरून पाहिलं तेव्हा अगदी फिकट निळसर थरथर दिसली. ते मात्र म्हणाले की निळ्याच्या बाहेर अजून एक रंग आहे, ज्योतीला सगळीकडून वेढून बसलेला. ऑपरेशननंतर तो त्यांना अधूनमधून दिसत असे, पण चष्म्याचा दोष असेल म्हणून बोलले नव्हते. कालिंदीने पुढे डॉक्टर सान्याल यांना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या की डोळ्यातलं नैसर्गिक भिंग काढल्यावर असं होतं, इतरांच्या डोळ्यांत अडतो तो उजेड त्यांच्या डोळ्यांत शिरतो.

पण त्या सकाळी हे कोणाला माहीत नव्हतं. सरलाने विचारलं की जांभळा का. ते म्हणाले की नाही. कालिंदीने बंगाली शब्द सुचवून पाहिला, तोही नाही. सरला वर जाऊन आपली जुनी इरकल घेऊन आली आणि तिचा काठ टेबलावर उन्हात पसरला. श्यामरावांनी जाड भिंगांमधून काठाकडे पाहिलं, ज्योतीकडे पाहिलं, पुन्हा काठाकडे पाहिलं.

“जवळ आहे,” ते म्हणाले. “पण याहून पातळ.”

तेवढ्यात वाइन उकळू लागली. पारा चढला, थरथरला आणि एक्याण्णवाच्या किंचित वर थांबला. कालिंदीने भिंगातून आकडा वाचला, सरलाने स्वतः वाचून तोच सांगितला, आणि श्यामरावांनी वही पुढे ओढून मोठ्या, तिरक्या अक्षरांत तो लिहायला घेतला.